भरपूर कादंबऱ्या वाचूनही गोष्ट का लिहिता येत नाही?

तुम्ही लिहिलंय की शाळेपासून हाताला लागेल ती कादंबरी वाचत आलात, पण स्वतः लिहायला बसलं की दोन पानांपुढे गाडी सरकत नाही. मग वाचून लिहायला येतं असं म्हणतात ते खरं का? माझ्यापुरतं उत्तर ‘हो’ असं आहे. मात्र एरवी आपण ज्या वेगाने वाचतो, त्या वेगाने वाचून नाही येत. पुढे काय होणार याची घाई असते तोवर लेखकाने काय केलंय ते दिसतच नाही. दिसू नये अशीच त्याने व्यवस्था केलेली असते.

मला हे कळलं ते नोकरीमुळे. नव्वदच्या दशकात मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आले होते, श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरवर मजकूर टाइप व्हायचा. पण प्रूफ तपासायची रीत जुनीच होती. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल ठेवून ऐकायचं. आमच्याकडे वाचायला एक काका होते. ते सगळंच वाचायचे, विरामचिन्हांसकट. ‘दुहेरी अवतरण सुरू, कधी आलीस, प्रश्नचिन्ह, अवतरण पूर्ण, तिने विचारलं, पूर्णविराम, नवा परिच्छेद.’ आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा. कथेत कुणी मेलं काय, कुणाचं लग्न ठरलं काय, काकांचा सूर बदलत नसे.

गणपतीच्या आगेमागे दिवाळी अंकांचं काम यायचं आणि दिवसभर कथाच कथा. त्या सपाट आवाजात काय टिकतं आणि काय गळून पडतं हे आपोआप कळायला लागलं. ‘बाहेर आभाळ दाटून आलं होतं आणि तिच्या मनातही’ असली वाक्यं डोळ्यांनी वाचताना खपून जातात, कारण अभिनय आपण करतो. काकांच्या तोंडून ती ऐकली की मला जांभई यायची. आणि सलग दहा वाक्यं एकाच लांबीची असली की माझी पेन्सिल चुका पकडेनाशी व्हायची, इतकी गुंगी यायची.

एकदा मात्र काका विरामचिन्हं म्हणायचं विसरले. एका अगदी नवख्या बाईंची कथा होती. आई गेल्यावर दोन बहिणी स्वयंपाकघरातली भांडी वाटून घेतायत, एवढंच. थोरलीला मोठं पातेलं हवंय, धाकटी म्हणते तुझ्याकडे गॅसवर मावणार तरी आहे का ते. शिट्टी हरवलेल्या कुकरवरून दोघींची जुंपते. तो कुकर खरं तर दोघींनाही नकोय. काका वाचत सुटले, मी दोनतीनदा म्हटलं, ‘काका, स्वल्पविराम.’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘तिथे दिसतोय ना तुला, मग?’ आख्ख्या कथेत ‘दुःख’ हा शब्द एकदाही नव्हता. प्रूफ मी तपासलंय, त्यामुळे खात्रीने सांगते.

लिहिण्याबद्दल मला जे काही कळलं, त्याचा मोठा भाग त्या कथेतून आला. नंतर घरी मी माझ्या आवडत्या पुस्तकांवर हाच प्रयोग करून पाहिला. काका नसल्यामुळे जरा वेगळा. एखादा प्रसंग वाचायचा, पुस्तक मिटायचं, तो प्रसंग आठवेल तसा आपल्या शब्दांत लिहायचा आणि मग दोन्ही पानं शेजारी ठेवायची. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, लहानशी कादंबरी. त्यातला मास्तर नवाच त्या धनगरांच्या वाडीवर येतो तो भाग मी असा लिहून काढला होता. माझ्या पानावर मास्तरच्या मनाचं वर्णन भरपूर होतं. माडगूळकरांच्या पानावर माळ होता, माणसं होती, मेंढरं होती. मास्तरला काय वाटत असेल ते माझं मला कळत होतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माडगूळकर चित्रंही काढत, त्याचा याच्याशी संबंध असावा असं मला वाटतं. पण ते सोडा. प्रयोग करून बघा. आपण आपल्या पदरचं काय घातलंय ते पाहिलं की आपल्या हाताच्या खोडी कळतात. गाळलंय काय, तेही बघा. बहुतेकदा आपण गाळतो ती एखादी बारीक, निरुपयोगी वाटणारी वस्तू, आणि प्रसंग उभा असतो तिच्याच जिवावर.

कुणाचं वाचावं, हेही तुम्ही विचारलंय. यादी देत नाही. एक सावधगिरी मात्र सांगते. विशीत बहुतेकांना जी. ए. कुलकर्णी लागतात. ‘काजळमाया’ वाचून झाल्यावर वर्षभर आपल्या कथेत अनोळखी प्रवासी, ओसाड वाटा आणि नियती यांची ये-जा सुरू होते. नाहीतर भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. ती कादंबरी १९६३ ची, पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर अजून दरवर्षी कुठल्या ना कुठल्या होस्टेलवरच्या पोराच्या अंगात येतो आणि त्याच्या वाक्यांना ‘वगैरे’ची शेपटं फुटतात. छापखान्यात येणाऱ्या कथांमधून लेखकाने गेल्या उन्हाळ्यात काय वाचलं हे आम्ही पैजेवर ओळखायचो. हसण्यावारी नेलं तरी यात वाईट काही नाही. होऊ द्यावं. ती नक्कल खालच्या फळीत ठेवावी आणि पुढची लिहावी. नक्कल करताना त्या लेखकाच्या वाक्याचा दम कुठे लागतो ते हाताला कळतं, नुसत्या वाचनाने ते कळत नाही.

आणि ज्या पुस्तकांची नावं चारचौघांत कुणी घेत नाही, त्यांना कमी लेखू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आमच्या वाचनालयात त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांची मुखपृष्ठं गळून गेलेली पुस्तकं सुतळीने बांधून ठेवलेली असत. नारायण धारप, सुहास शिरवळकर यांच्यासाठी तर नंबर लावावा लागायचा. प्रकरण कुठे तोडावं, वाचकाला कुठली गोष्ट आधी सांगावी आणि कुठली रोखून धरावी, हे शिकायला ही मंडळी फार चांगली. मोठमोठ्या साहित्यिक कथांची प्रुफं वाचताना मला कैकदा वाटायचं, या लेखकाने चार रहस्यकथा वाचल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुमची दोन पानं. ती न वाचताच बोलते आहे, पण प्रुफांवरून आलेला अंदाज सांगते. पहिल्या दोन पानांत बहुतेक नवे लेखक स्वतःलाच पात्रांची ओळख करून देत असतात: नाव, गाव, शिक्षण, घरची परिस्थिती, खिडकीबाहेरचा पाऊस. ओळख संपते, तेव्हा गोष्टही संपलेली असते, कारण कुणाला काही हवंच नसतं. त्या बहिणींना भांडी हवी होती. तुमच्या पात्राला काय हवंय? साडेपाचची एसटी, उसने दिलेले पैसे परत, वडिलांनी एकदा तरी फोन उचलणं, काहीही चालेल, पण आज, आत्ता हवं असलेलं. तिथून तिसरं पान आधी लिहा. पहिल्या दोन पानांतलं खरोखर लागणारं तेवढं नंतर तिसऱ्यात दोनदोन ओळींनी पेरता येतं. उरलेलं गेलं तरी वाचकाला पत्ता लागत नाही.

संवादांबद्दल एवढंच की ‘म्हणाली’ आणि ‘विचारलं’ पुरतं. ‘उद्गारली’, ‘खिन्नपणे पुटपुटली’ यांवर लाल पेन फिरतो.

दाखवायचं कुणाला, हा प्रश्न जास्त अवघड आहे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडलं आणि तसं वाचून पत्र लिहिणारं माणूस आता मिळणं मुश्कील. मैत्रिणी ‘मस्तच’ म्हणतात, त्याचा उपयोग नाही. मी ज्यांना कथा वाचायला देते त्यांना मत विचारतच नाही. कुठे कंटाळा आला तिथे समासात पेन्सिलने खूण कर, असं सांगते. तिघांची खूण एकाच ठिकाणी आली की तिथे काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते मात्र त्यांना विचारू नका, ते आपलं आपण शोधायचं.

दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशीच पाठवा. गणपती येईपर्यंत पानं भरत आलेली असतात. स्वतःजवळ एक प्रत ठेवा आणि पोच आली नाही तर दुसऱ्या अंकाचा पत्ता काढा.