टेम्पो भरला, पण केंद्र नको म्हणालं

प्रश्न : ताई, दरड कोसळून गाडल्या गेलेल्या एका वस्तीसाठी आमच्या मंडळातल्या मुलांनी दोन दिवसांत टेम्पोभर जुने कपडे जमवले. तिथल्या मदत केंद्राने मात्र 'सध्या काही आणू नका' असं कळवलं. मुलं फार हिरमुसली आहेत. आता काय करावं? – एक वाचक

उत्तर : मुलांची तळमळ खरी आहे, ती विझू देऊ नका. पण केंद्रातल्या लोकांवरही रागावू नका. मी अशा केंद्रांत नर्स म्हणून राहिले आहे. एका शाळेत औषधांची पेटी ठेवायला कोरडा कोपरा उरला नव्हता; व्हरांडाभर कपड्यांची गाठोडी भिजून कुबट वास मारत होती आणि ती हलवण्यातच सहा जण गुंतले होते. त्यातून रस्ता बहुधा एकच चालू, तोही अर्धा. ओला उतार पुन्हा खचू शकतो, तेव्हा तिथे गाड्यांची रांग नकोच.

पुराचं पाणी ओसरलं की माणूस घरी जाऊन चिखल उपसतो. दरडीत घराखालची जमीनच जाते. परतायचं कुठे? म्हणून हा निवारा आठ दिवसांचा नसतो, कित्येक महिन्यांचा असतो. जगभर मदतीसाठी वापरली जाणारी 'स्फिअर' मानकं माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, 3.5 चौरस मीटर छताखालची जागा आणि 20 जणांमागे एक शौचालय सांगतात. यातलं काय कमी पडतंय, ते केंद्राला विचारा. शौचालयाला आतून कडी आणि बाहेर दिवा आहे का, हेही विचारा; नसेल तर बायका रात्री पाणी प्यायचंच टाळतात.

एक आजोबा रोज फलकावरच्या यादीसमोर उभे राहायचे. मला वाटायचं, कुणाला तरी शोधताहेत. चौथ्या दिवशी जवळ गेले तर म्हणाले, "सिस्टर, चष्मा ढिगाऱ्यात गेला. माझं नाव लागलंय का, तेवढं बघता?" नाव पहिल्याच दिवशी लागलं होतं. चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, कवळी, नव्या चपला, अंतर्वस्त्रं, पॅड... अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेल्या माणसाला काय काय लागतं, ते गाठोड्यात कधीच नसतं.

टेम्पो तूर्त रिकामा करा. कपडे तुमच्याच भागातल्या गरजूंना द्या आणि दरडग्रस्तांसाठी पैसे जमवा. ते सगळे आताच संपवू नका, निम्मे चौथ्या महिन्यासाठी राखा. तोवर कॅमेरे गेलेले असतात. मृतदेह सापडला नाही तर मृत्यूचा दाखला अडतो, दाखल्यावाचून बँक, विमा, भरपाई सगळंच अडतं. अशा घरातल्या एकट्या बाईला कचेरीत जायला सोबत, अर्ज लिहायला हात आणि गाडीभाडं लागतं. तुमच्या मंडळातल्या मोठ्यांनी हे अंगावर घ्यावं, असं मला फार वाटतं.

आणि मुलांनाच केंद्रात फोन करू द्या. किती जणांचे चष्मे गेलेत, ते आधी विचारायला सांगा.