जुन्या पिकअपच्या चोरीची धास्ती : आधी खर्च कशावर करायचा?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकवीस वर्षांची पेट्रोल पिकअप, कर्ज कधीच फिटलेलं, आणि प्लंबिंगची सगळी कामं तिच्याच जिवावर चालतात. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतून अगदी तसलीच गाडी रातोरात गेली आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. समोर तीन पर्याय आहेत. एक, अलार्म, इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारं यंत्र) आणि ट्रॅकर अशी सगळी यंत्रणा एकदम बसवून घ्यायची. दोन, विम्यात चोरीचं संरक्षण वाढवायचं. तीन, पत्नी म्हणतात तसं ही गाडी विकून कर्जावर नवी घ्यायची. तुम्ही विचारलंय की यातलं नेमकं काय करू.

हिशेब सोपा जावा म्हणून तुम्ही कळवलेल्या सगळ्या रकमा एकाच मापात बसवतो. गाडीची आजची बाजारातली किंमत १०० धरू. मग यंत्रणेला आत्ता १२ आणि पुढे दरवर्षी ४ वर्गणी. विम्याचा वाढीव हप्ता वर्षाला ७, आणि नुकसानीतले पहिले १५ तुमच्या खिशातून. हौद्यातल्या पेटीतली अवजारं ६०. रोजची कमाई ३. बँकेतली शिल्लक १५०, पण त्यातल्या ९० ला हात लावायचा नाही, कारण तो घरचा तीन महिन्यांचा खर्च आहे. म्हणजे मोकळे ६०.

तुम्ही सगळा विचार गाडीच्या १०० भोवती केला आहे. माझ्या मते घोळ तिथेच आहे. गाडी गेली तर तिच्याबरोबर पेटीतली ६० ची अवजारंही जातील. शिवाय विमा कंपनी लगेच पैसे देत नाही. गाडी सापडते का याची ती वाट पाहते, पोलिसांचे कागद मागते, आणि त्यात काही आठवडे सहज जातात. कामाचे २४ दिवस बुडाले असं धरलं तरी २४ गुणिले ३, म्हणजे ७२. एकूण खड्डा १०० अधिक ६० अधिक ७२, म्हणजे २३२. आणि ७ चा हप्ता भरून हातात येणार जास्तीत जास्त ८५. ज्या दोन गोष्टींवर तुमचं घर चालतं, ती अवजारं आणि ते कामाचे दिवस, त्या पॉलिसीत कुठेच नाहीत. वाहनाच्या विम्यात आत ठेवलेली अवजारं सहसा धरत नाहीत.

हे इतकं ठासून सांगण्यामागे कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांची पिकअप चोरीला गेली. नऊ दिवसांनी सापडली, चालू स्थितीत, एक ओरखडासुद्धा नाही. सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. हौद्यातल्या पेटीचं झाकण मात्र वाकवलेलं होतं आणि आत फक्त लाकडाचा भुसा होता. गाडी मिळाली म्हणून विम्याचा क्लेम निकाली निघाला, आणि वीस वर्षांत एकेक करून जमवलेले रंधे, पटाशा, करवती यांचा छदामही मिळाला नाही. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून कुणी गाडीच्या चोरीबद्दल विचारलं की मी आधी हौद्यात काय असतं ते विचारतो.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं. अवजारं रात्री गाडीत ठेवायची नाहीत. पाइपला आटे पाडायचं यंत्र रोज उचलून आत नेणं जिवावर येतं, हे मला कळतं. मग निदान ते यंत्र आणि दोन-तीन महागड्या वस्तू तरी आत न्या, आणि बाकीची पेटी हौद्याच्या तळाला आतून बोल्टने जखडून घ्या. प्रत्येक यंत्राचा नंबर दिसेल असा फोटो काढून तो घरी ठेवा. अवजारांसाठी वेगळा विमा मिळतो का तेही विचारा, पण विचारताना ‘रात्री गाडीत ठेवलेली असताना चोरी झाली तर?’ हा प्रश्न नक्की करा. बऱ्याच पॉलिसींमध्ये नेमकं तेवढंच वगळलेलं असतं.

दुसरं, गाडी नसताना कशावर काम करणार ते आजच ठरवा. ओळखीतल्या कुणाची गाडी दिवसाला १ या भाड्याने मिळाली, तर २४ दिवसांत ७२ ऐवजी २४ च जातील. हे बोलणं आधीच करून ठेवायचं. चोरीच्या दुसऱ्या दिवशी फोन फिरवत बसलात तर मागतील ते भाडं द्यावं लागतं.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ. तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘चावी तर इतकी झिजलीय की इंजिन चालू असतानाही बाहेर निघते.’ माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. चालू गाडीतून चावी निघते, याचा अर्थ कुलपाच्या आतल्या पत्र्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. अशा कुलपाला त्याच घडणीची दुसरी झिजकी चावी चालते, कधी कधी नुसता स्क्रू ड्रायव्हरही. शिवाय तुमच्या चावीत चिप नाही. चिप असलेल्या गाडीत कुलूप फिरलं तरी आतला इमोबिलायझर ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही. युरोपीय संघात नव्या मोटारींना तो १९९८ पासून सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ पासून. नव्या गाड्या अवघड झाल्या तसा चोरांचा मोर्चा बिनचिपच्या जुन्या गाड्यांकडे वळला, आणि तुमची गाडी त्यातलीच आहे. दाराला कडी नसताना घरात तिजोरी बसवायची, तशी ही १२ ची यंत्रणा होईल. आधी इग्निशनचं कुलूप चाव्यांसकट नवं टाका. खर्च १ च्या आसपास येईल.

त्यानंतर लपवलेला स्विच. गाड्यांचं वायरिंग करणारा कसबी माणूस गाठा आणि टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे पाठवणाऱ्या पंपाच्या रिलेला (पंप चालू-बंद करणाऱ्या छोट्या विजेच्या खटक्याला) जाणाऱ्या बारीक वायरीत एक स्विच घालून घ्या. पंपाच्या जाड वायरीत नको, तिथून मोठा प्रवाह जातो आणि साधा स्विच तापतो. काही जण सेल्फच्या वायरीत स्विच घालतात. ऑटोमॅटिक गाडीला ते ठीक आहे. तुमची हाताच्या गिअरची आहे. सेल्फ बंद असला तरी उतारावर दोघांनी ढकलली की ती धक्का मारून चालू होईल. पंप बंद असेल तर चोर फार तर चालू करेल, नळीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडीशी चालेल आणि आचके देत बंद पडेल. भर रस्त्यात बंद पडलेल्या जुन्या गाडीशी चोर खटपट करत बसत नाही. स्विच मात्र डॅशबोर्डच्या खाली नको, पहिला हात तिथेच जातो. आणि गाडी चालवताना गुडघा किंवा पिशवी लागून बंद होईल अशा जागीही नको, चालत्या वाहतुकीत इंजिन बंद पडणं धोक्याचं आहे. तो कुठे आहे हे तुम्ही, पत्नी आणि तो वायरमन एवढ्यांनाच माहीत असावं.

स्टिअरिंगला लावायची लोखंडी दांडीही घ्या. ती कापता येत नाही असं नाही. स्टिअरिंगचं चाक करवतीने कापून दांडी काढतात. पण ती बाहेरून दिसते, आणि सोपं सावज शोधत फिरणारा माणूस पुढे जातो. गाडी लावताना तोंड भिंतीकडे आणि पुढची चाकं वळवलेली ठेवा, ओढून नेणं अवघड होतं. पेट्रोल गाडी आहे, उंचही आहे, तेव्हा खाली शिरून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, कापून नेणारेही असतात. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. तुमच्या भागात तसे प्रकार होत असतील तरच त्याला जाळीचा पत्रा मारून घ्या, नसतील तर तो खर्च सोडा.

ट्रॅकरबद्दल एक गमतीची माहिती देतो, आणि ती हिशेबाचीच आहे. इयान एयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये गाडीत लपवायच्या रेडिओ ट्रॅकरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शहरांत असे ट्रॅकर वाढले तिथे एकूणच वाहनचोरी कमी झाली, कारण कुठल्या गाडीत तो आहे हे चोराला कळत नव्हतं. पण त्यातून होणाऱ्या एकूण फायद्याचा दहावा हिस्सासुद्धा ट्रॅकर बसवणाऱ्याच्या पदरात पडत नव्हता, बाकीचा सगळा आसपासच्या गाडीवाल्यांना मिळत होता. म्हणून ट्रॅकर वाईट असं मी म्हणत नाही. दरवर्षी ४ देऊन तुम्ही गल्लीचंही भलं कराल. पण आज तुमच्या हातात मोजके पैसे आहेत. साधा, सिम घालून चालणारा ट्रॅकर स्वतंत्रपणे घ्या आणि सीटच्या फोममध्ये किंवा अशाच आडजागी लपवा. गाडी कुठे दिसली तर ते ठिकाण पोलिसांना कळवा. स्वतः पाठलागाला जाऊ नका. गाडी पुन्हा घेता येईल.

कुलूप, स्विच, दांडी, साधा ट्रॅकर हे सगळं मिळून ६ मध्ये बसवा. त्या यंत्रणेसाठी ठरवलेल्या १२ पैकी ६ उरतात. ते कुठे जातील ते पुढे सांगतो.

आता विमा. ७ भरून ८५ मिळणार, म्हणजे निव्वळ सरासरीच्या हिशेबाने बारा वर्षांतून एकदा गाडी चोरीला जाणार असेल तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. चोऱ्यांसाठी बदनाम असलेल्या ठिकाणीही एकाच गाडीच्या वाट्याला इतका धोका क्वचितच येतो. पण सरासरीवर थांबून मी तुम्हाला ‘विमा नको’ म्हणणार नाही. न झेपणारं नुकसान दुसऱ्याच्या खांद्यावर देण्यासाठी विमा असतो. तुम्हाला काय झेपतं? मोकळे ६० आहेत. गाडी गेली तर दुसरीसाठी १०० लागतील. ४० कमी पडतात. मग ८५ चा विमा कशाला? कंपनीला उलट विचारा : ‘पहिल्या १५ ऐवजी पहिले ४० मी सोसतो, हप्ता किती कमी होईल?’ तो ४ किंवा त्याहून खाली आला तर घ्या. गाडी गेली तर कंपनीचे ६० आणि तुमचे ४० मिळून दुसरी गाडी येते, आणि घरखर्चाच्या ९० ला धक्का लागत नाही. हप्ता ५-६ वरच अडून बसला तर मी घेणार नाही. तेवढा कमी धोका सोसायला तेवढी किंमत जास्त होते.

कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. क्लेमच्या वेळी गाडीची किंमत कशी धरणार, आधी ठरवलेली की त्या दिवशीच्या बाजारभावाची. जुन्या गाडीत इथेच वाद होतात. गाडी धंद्यासाठी वापरता हे पॉलिसीत नोंदलेलं आहे का. आणि आपण स्विच-ट्रॅकर बसवल्याबद्दल हप्त्यात काही सूट आहे का. तशीच, इंजिन चालू ठेवून दुकानात जायची सवय असेल तर ती मोडा. चावी गाडीत असताना झालेली चोरी बहुतेक पॉलिसी मानत नाहीत.

ही पॉलिसी जन्मभर चालवायची नाही. यंत्रणेतून वाचलेले ६ मोकळ्या ६० मध्ये टाका, ६६ झाले. यंत्रणेची वर्गणी आणि पूर्ण विमा मिळून वर्षाला ११ जाणार होते. त्यातले ४ नव्या हप्त्याला आणि ७ या शिलकीत. दोन वर्षांनी ८० होतात, तीन वर्षांनी ८७. गाडीची किंमत वर्षाला ८ ने उतरते असं धरलं तर ती दोन वर्षांनी ८४ आणि तीन वर्षांनी ७६ राहील. म्हणजे तिसऱ्या वर्षी कधीतरी तुमची शिलक गाडीच्या पुढे जाते. त्या नूतनीकरणाला चोरीचं संरक्षण काढून टाका, तोपर्यंत गाडीचा विमा तुम्ही स्वतःच झालेले असाल. कायद्याने लागणारा विमा अर्थातच चालू ठेवायचा.

पत्नीच्या सूचनेबद्दल मी थोडक्यातच लिहितो, पण त्यांची काळजी खोटी नाही. कर्ज घेतलं की हप्ता दर महिन्याला येतो, काम असो वा नसो, आणि कर्ज देणारा पूर्ण विमाही घ्यायला लावतो. आज फक्त चोरीची भीती आहे, उद्या चोरीची आणि हप्त्याची अशा दोन होतील. शिवाय नवी गाडी चोरीला जात नाही असंही नाही. बिनचावीच्या गाड्यांच्या रिमोटचा सिग्नल यंत्राने दुरून वाढवून त्या पळवतात, आणि अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांच्या २०२१ पर्यंतच्या कितीतरी मोटारींत इमोबिलायझर नसल्यामुळे त्यांच्या चोऱ्यांची लाटच आली होती. गाडी दुरुस्तीला सारखी येऊ लागली, कामं बुडू लागली, तर बदलायचा विचार जरूर करा. चोरीच्या भीतीपोटी नको. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या, २३२ चा आकडा त्यांना आधी पटेल असं वाटतं.

कुलूप या आठवड्यातच बदला. नवं टाकलं की त्याच्या सगळ्या चाव्या मोजून घ्या आणि पावतीवर चाव्यांची संख्या लिहून घ्या. क्लेमच्या वेळी कंपनी सगळ्या चाव्या मागते आणि एक जरी कमी पडली तरी प्रश्न सुरू होतात. दुसरी चावी, ती पावती, गाडीच्या कागदांच्या प्रती आणि चासी नंबरचा फोटो एका पाकिटात घालून घरी ठेवा. विमा कंपनीने ४० वर काय हप्ता सांगितला ते कळवा, मग पॉलिसीचा मसुदा आपण एकत्र वाचू.