भिवापूरची जुनी छोटी रेल्वे का बंद झाली?

नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारा हा नॅरोगेज मार्ग बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधला. दोन रुळांमधले अंतर अवघे 762 मिलिमीटर असल्याने गाड्यांचा वेग आणि मालवहनाची क्षमता मर्यादितच राहिली, आणि अखेर 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्यासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये ही वाहतूक थांबवण्यात आली. म्हणजे मार्ग कायमचा मोडीत काढलेला नाही, हे लक्षात घ्यावे. भौगोलिक मानांकन लाभलेल्या मिरचीच्या या गावात, सातऱ्यावर (मिरचीचे देठ खुडण्याच्या जागी) लाल राशींपाशी बसून देठ खुडणाऱ्या बायांसाठी आणि लहान शेतकऱ्यांसाठी नागपूर गाठण्याची ही स्वस्त सोय होती. ती गेल्याची झळ त्यांनाच सर्वाधिक बसली, असे माझे स्पष्ट मत आहे.