अडत पेढीचं सॉफ्टवेअर: शेठ म्हणतात दोन पोरं वाढवा, पण दसऱ्याला द्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीच्या विश्रामबागेत तुमची तिघांची टीम आहे, त्यातला एक जण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीचं, म्हणजे शेतकऱ्यांची हळद दलालीवर विकून देणाऱ्या पेढीचं, सॉफ्टवेअर करायचं काम मिळतंय. कामांची यादी करून तुम्ही एका माणसाचे ६० दिवस असा अंदाज काढलात, तिघांत वाटून २० केलेत आणि हाताशी थोडं असावं म्हणून दीड महिना सांगायच्या विचारात आहात. शेठ म्हणतात, हवी तर आणखी दोन पोरं घ्या, पण दोन महिन्यांवर दसरा आहे, तेव्हा चालू झालं पाहिजे. हो म्हणू का?

इतक्यात म्हणू नका. तुमच्या यादीतली एकच ओळ घेऊ: ‘पट्टी प्रिंट – २ दिवस’. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीच्या हिशोबाचा कागद. पेढीवरून खरी पट्टी मागून घ्या आणि समोर ठेवा. एकाच शेतकऱ्याची हळद, पण लगडी, गठ्ठा, कणी हे तिचे प्रकार वेगवेगळे, प्रत्येकाचा भाव वेगळा, खरेदीदार वेगळा. हमाली, तोलाई वजा. शेतकऱ्याने आधी नेलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वजा, पण पूर्ण की थोडी, ते शेठ त्या दिवशी ठरवणार. वजन चुकल्याचं संध्याकाळी लक्षात येतं, तोवर पट्टी शेतकऱ्याच्या खिशात गेलेली असते. मग जुनी रद्द करायची की फरकाची वेगळी काढायची? रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ती कुठल्या तारखेला पडणार? शिवाय छपाई जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, आधीच छापलेल्या फॉर्मवर, मराठीत. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं फक्त पेढीचा हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींकडे आहेत, आणि सौदे चालू असताना दिवाणजी तुमच्याशी बोलणार नाहीत.

ही ओळ मी तीन आकड्यांत लिहीन: सगळं सुरळीत झालं तर ३ दिवस, बहुधा ६, अडलं तर १५. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये बसवलेल्या पर्ट या अंदाज काढायच्या पद्धतीत मधला आकडा चारदा धरून तिन्हींची बेरीज करतात आणि सहाने भागतात. उत्तर येतं ७ दिवस. तुमच्या दोनाचे सात झाले आणि कुठेही भीतीपोटी काही वाढवलेलं नाही. प्रत्येक ओळ अशीच फोडा. या पद्धतीत एक गृहीत असतं, की एका ओळीतला उशीर दुसऱ्या ओळीतल्या लवकर संपण्याने भरून निघेल. पेढीच्या कामात ते फारसं खरं ठरत नाही, कारण दिवाणजींना वेळ नसेल तर सगळ्याच ओळी एकदम मागे पडतात.

आता यादीत जे नाहीच ते. जुन्या प्रोग्राममधली शेतकऱ्यांची नावं युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसण्याचीच शक्यता जास्त. ती बदलायची, जोडाक्षरं तपासायची, एकाच माणसाची तीन खाती निघाली की जोडायची. आधीच्या बाक्या नव्या खात्यात आणून जुळवायच्या. दिवाणजींना शिकवायचं. आणि जुनं-नवं निदान दोन आठवडे शेजारी चालवून रोजच्या पट्ट्या पैशापर्यंत ताडून बघायच्या. हे शेवटचं काम टाळून दिलेलं सॉफ्टवेअर पेढीवर टिकताना मी पाहिलेलं नाही. हे सगळं धरलं तर तुमच्या ६० चे ११५ मॅन-डे (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मॅन-डे) होतात असं मला दिसतं.

त्याचे महिने करताना ‘भागिले तीन’ चालणार नाही. शेवटच्या वर्षाचा मुलगा अर्धा वेळ धरा, म्हणजे तुम्ही अडीच माणसं. आठ तासांच्या दिवसात फोन, आधीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी, यार्डात जाणं-येणं वजा करून प्रत्यक्ष काम पाच तास होतं, असा माझा अनुभव आहे. ११५ दिवसांचे ९२० तास, रोजचे तुमचे साडेबारा. ७४ दिवस. महिन्याला २२ कामाचे दिवस धरले तर साधारण साडेतीन महिने. शेठना सांगताना साडेतीन ते पाच सांगा. सॉफ्टवेअरच्या अंदाजांचे अभ्यासक बॅरी बोहम यांच्या मांडणीनुसार काम नुसतं कल्पनेत असताना अंदाज चौपट इकडे किंवा चौपट तिकडे जाऊ शकतो, आणि तपशील ठरत जातील तसा तो आवळत येतो. तुम्ही त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहात, पण एकच तारीख छातीठोकपणे सांगण्याइतके पुढे नाही.

राहिली दोन पोरं. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी लांबतो. तुम्हाला अजून उशीर झालेला नाही, पण कारण तेच लागू पडतं. तिघांत बोलायच्या जोड्या तीन असतात, पाच जणांत दहा. नव्या दोघांना पट्टी काय, उचल काय हे शिकवणार तुम्हीच, आणि तेवढे तास तुमच्या साडेबारातून जाणार. बोहम यांच्या १९८१ च्या कोकोमो या अंदाजाच्या पद्धतीत, ६३ प्रकल्पांच्या नोंदींवर बसवलेल्या सूत्रात, साध्या धाटणीच्या प्रोग्रामच्या १० हजार कोडच्या ओळींना सुमारे २७ मॅन-मंथ (एका माणसाचे तितके महिने) आणि पावणेनऊ महिने लागतात, म्हणजे सरासरी तीन माणसं. आजच्या फ्रेमवर्कच्या काळात हा आकडा जसाच्या तसा कोटेशनमध्ये घालू नका. मात्र त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हिशोबाने आलेली मुदत दाबायला मर्यादा असते, ती ७५ टक्क्यांवर, आणि नंतरच्या कोकोमो २ मध्ये तिथवर दाबायला श्रम १.४३ पट धरलेत. साडेतीन महिन्यांचे ७५ टक्के म्हणजे अडीच महिन्यांच्या वरच. दसरा त्याच्याही आत आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की घासाघीस कामावर होऊ द्या, अंदाजावर होऊ देऊ नका. शेठ स्वतः काट्यावरच्या वजनात घासाघीस करत नाहीत, भावात करतात. त्यांना हे दोन मिनिटांत पटेल, फक्त फोडलेली यादी समोर ठेवून बोला. दसऱ्याला आवक नोंद, सौदा आणि साधी पट्टी, तीही जुन्या पद्धतीच्या जोडीने चालणारी. फरकाची पट्टी, उचलीचा हिशोब, जुन्या बाक्या त्यानंतर. नव्या हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीत वाढायला लागते, त्याआधी सगळं स्थिर हवं, आणि गर्दी सुरू झाल्यावर कशालाही हात लावायचा नाही हे आत्ताच लिहून घ्या. जीएसटीचे रिपोर्ट आणि ताळेबंद १ एप्रिलपासून, नव्या आर्थिक वर्षाला.

पैसेही याच टप्प्यांना बांधा. संपूर्ण कामाचा एकच ठोक आकडा आज दिलात तर पुढे निघणारी प्रत्येक ‘छोटीशी’ सुधारणा तुमच्या खिशातून जाईल.

पहिल्या टप्प्यात कोणी कुठल्या ओळीवर किती तास घालवले ते रोज लिहा, साधी वही चालेल. तीन आठवड्यांनी अंदाज आणि झालेले तास शेजारी मांडा. ७ दिवसांच्या ओळी १० ला जात असतील तर उरलेल्या ओळीही त्याच पटीत वाढवा आणि शेठनी विचारायच्या आधी स्वतः जाऊन सांगा.

पट्टीची ओळ फोडून झाली की इथे टाका. उचलीच्या हिशोबातल्या खाचाखोचा मला माहीत आहेत, त्या ओळीचे तीन आकडे आपण मिळून काढू.