पोळ्याची वाट पाहू नका

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं खून कोणी केला असावा यावर गेली आहेत. आधी सालदार, मग मयताचा साडू, मग रेतीवाले, शेवटी फिरून सालदार. गावच्या पारावर वर्षभर जे चाललंय तेच तुम्ही कागदावर उतरवलंत, फक्त स्वतःचं नाव गाळून. तो भाग मी बाजूला ठेवतो. माझ्या कामाची ओळ तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडली: “चॅनलवाल्याने माझा फोटो अन् वावर दाखवून व्हिडिओ तान्ह्या पोळ्याच्या दिवशी टाकला. यंदाच्या पोळ्यापर्यंत खुनी सापडला नाही तर मी अब्रूनुकसानीचा दावा टाकणार आहे.”

पोळ्यापर्यंत थांबलात तर दावा गेला.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण अशी पत्रं हल्ली दर महिन्याला येतात. विदर्भातल्या एका गावात मागच्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याचा वावरात खून झाला. अजून कोणालाही अटक नाही. पत्र लिहिणाऱ्याचं मयताशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुनं भांडण होतं, तेवढ्यावर गावाने त्यांना खुनी ठरवलं. पोलिसांनी तीनदा जबाब घेतला आणि घरी पाठवलं. तालुक्यातल्या एका यूट्यूब चॅनलने मात्र निकाल देऊन टाकला.

आता मुद्द्याचं. मुदतीचा कायदा, १९६३. त्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद ७५ सांगतो की प्रसिद्ध केलेल्या बदनामीबद्दल नुकसानभरपाई मागायची तर एक वर्षाच्या आत दावा दाखल करा, आणि हे वर्ष मोजायचं प्रसिद्धीच्या दिवसापासून. २०२५ चा पोळा २२ ऑगस्टला होता, म्हणजे तान्हा पोळा २३ ऑगस्टला. तुमच्या हिशेबाने पुढचा पोळा आला की वर्ष भरतं. पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि पोळा सरकला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. कायद्याला अधिक महिना ठाऊक नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये ‘वर्ष’ म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरचं वर्ष, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमचं वर्ष २३ ऑगस्ट २०२६ ला संपतं. बैलांना झूल चढेल तेव्हा तुमचा दावा मुदतबाह्य होऊन अडीच-तीन आठवडे झालेले असतील.

२३ तारखेला रविवार आहे. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्याच्या दिवशी दावा चालतो, हे खरं. पण सोमवारच्या भरवशावर राहिलेले पक्षकार मी पाहिले आहेत. त्याच दिवशी ई-फायलिंगचा सर्व्हर बसलेला असतो, नाहीतर वकील संघाचा कामावर बहिष्कार असतो.

“उशीर झाला तर डिले कन्डोन करून घेऊ” असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. अपिलात, अर्जात होतं तसं. मूळ दाव्याला मुदतीच्या कायद्याचं कलम ५ लागूच होत नाही. एक दिवस उशीर झाला तरी न्यायाधीशांना, मनात असूनही, तो माफ करता येत नाही.

तुम्ही जानेवारीत वकिलामार्फत नोटीस पाठवलीत आणि उत्तराची वाट पाहत सात महिने बसलात. कशासाठी? खाजगी माणसावर बदनामीचा दावा करायला नोटिशीची सक्ती नाही, आणि नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. पोलीस पाटलालाही प्रतिवादी करू का, असं विचारता. नको. तो सरकारी माणूस. त्याच्या कामाशी संबंध जोडला गेला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आडवी येऊ शकते. ते लफडं आत्ता ओढवून घेऊ नका.

तुमचा दुसरा आधार, व्हिडिओ आजही दिसतोय म्हणजे बदनामी रोज नव्याने होते. युक्तिवाद म्हणून मीही तो करीन, पण त्यावर घर बांधणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उलट मत दिलं आहे: मजकूर एकदा चढवला की प्रसिद्धी झाली, तो तिथे नुसता पडून राहिल्याने मुदत रोज नव्याने सुरू होत नाही. संक्रांतीच्या सुमारास आलेला दुसरा व्हिडिओ वेगळा. ती नवी प्रसिद्धी, तिचं वर्ष वेगळं. पण तुम्हीच लिहिता की त्यात तुमचं नाव नाही, ‘धुऱ्यावाला’ एवढंच म्हटलंय. धुऱ्यावाला कोण हे गावाला कळतं, न्यायाधीशांना कळत नाही. ते सिद्ध करायला गावातलेच साक्षीदार लागतील, आणि आज तुमच्या बाजूने पिंजऱ्यात कोण उभं राहणार आहे? पहिला व्हिडिओ हाच तुमचा खरा दावा.

आणि हे सगळं कशापायी लांबवलंत, तर खुनी सापडला की लोक आपोआप गप्प बसतील म्हणून. खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही. तपास दहा वर्षं चालू शकतो, किंवा पोलीस उद्या ‘अ’ समरी मागू शकतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. त्या कागदावर तुम्ही निर्दोष आहात असं कुठेही लिहिलेलं नसतं. ज्या निकालाची तुम्ही वाट पाहताय तो कदाचित कधीच येणार नाही.

पुरावा. इथे मला खरंच राग आला. रागाच्या भरात गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडलात आणि जुना मोबाईल विकलात! आता घरातल्या कोणाच्या फोनवर तो व्हिडिओ आला असेल तर तो फोन जपून ठेवा. मूळ व्हिडिओ आजच उतरवून घ्या, त्याची लिंक, चढवल्याची तारीख, खालच्या कमेंट्स, सगळं. कोर्टात हे द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचा एक भाग जाणकार तज्ज्ञाने भरायचा असतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा फॉर्म घेऊन येऊ नका.

दावा कोणावर? चॅनलवाल्यावर. ‘लोक म्हणतात’ असं म्हणून तो सुटत नाही. दुसऱ्याची अफवा आपल्या तोंडाने सांगितली की ती आपली झाली. मयताच्या भावाला वगळा. त्याने पोलिसांना तुमचं नाव सांगितलं असेल तर सद्भावनेने केलेली तक्रार कायदा बदनामी मानत नाही, आणि घरातला माणूस गेलेल्याला कोर्टात खेचून तुमची अब्रू वाढणार नाही. तो कॅमेऱ्यासमोर काय बोलला ते मला आधी ऐकवा. रक्कम माफक ठेवा. ५० लाखांचा आकडा लिहायला सोपा, पण मागाल तेवढ्यावर कोर्ट फी भरावी लागते.

व्हिडिओ यूट्यूबवरून लगेच हटेल का, हे मी छातीठोकपणे सांगत नाही. श्रेया सिंघल प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर तुम्ही नुसतं ‘हे खोटं आहे’ असं कळवल्याने प्लॅटफॉर्म बांधील होत नाही, कोर्टाचा आदेश लागतो. आणि अंतरिम मनाई देताना कोर्टं हात आखडता घेतात; २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसंच बजावलं आहे. तपास चालू असताना माध्यमांनी खटला चालवू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ ला ठणकावलं. तो निकाल आपल्या उपयोगाचा आहे, पण समोर तेव्हा मोठ्या वृत्तवाहिन्या होत्या. माईक घेऊन फिरणाऱ्या एकट्या माणसाला तो किती लागू करायचा, ते न्यायाधीशांवर आहे.

फौजदारीची घाई नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तक्रार करायला तीन वर्षं आहेत आणि तिथे उशीर माफही होऊ शकतो. पण ठाणेदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून तुमच्या हातात ठेवील. तक्रार तुम्हालाच दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावी लागेल, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत दखल घेण्याआधीच समोरच्याचं म्हणणं ऐकतात. म्हणजे तारखा. मळणीला कोणी येत नाही, पिठाच्या गिरणीत दळण घेत नाहीत, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. पण २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या जातीच्या किंवा धर्माच्या समूहाने टाकलेल्या बहिष्काराला धरून आहे. सगळ्या जातींच्या अख्ख्या गावाने तोंड फिरवलं तर तो लागतो का, याबद्दल मला शंका आहे.

राहिला नार्कोचा विषय. ग्रामसभेने ठराव केला आणि तुम्ही ताठ मानेने ‘करा माझी नार्को, मी निर्दोष आहे’ म्हणून कागदावर सही केलीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात ठरवलं आहे की संमतीशिवाय नार्को करता येत नाही, आणि संमती खरी आहे की नाही ते दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदलं जायला हवं. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याला तिथे काडीची किंमत नाही. पण तुमची सही आहे, आणि उद्या ती कोणीतरी दाखवणार. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर पाच खून झाले. सहा जणांना फाशी सुनावली गेली. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांच्यामागे कोणी गेलंच नव्हतं. ते सहाही जण ‘मी निर्दोष आहे’ असंच म्हणत होते.

तेव्हा ती संमती आजच लेखी मागे घ्या, पोच घ्या. चौथ्यांदा बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागा. ती साक्षीदाराची, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची असेल तर वकील सोबत घेऊन जा. संशयिताची, कलम ३५(३) ची असेल तर जाण्याच्या आदल्या दिवशीच सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकता येईल का ते बघू. आणि त्या तालुक्याच्या वकिलांकडून जानेवारीच्या नोटिशीची स्थळप्रत या आठवड्यात घेऊन या. त्यांनी व्हिडिओची तारीख कोणती लिहिली आहे, ते मला दावा लिहिण्याआधी पाहायचं आहे.