गोव्यावर फडकलेले झेंडे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांकडून गोव्यावरच्या झेंड्यांची चित्रे काढून घेत आहोत. १५१० ते १९६१ या काळासाठी पोर्तुगालचा हिरवा-तांबडा झेंडा दाखवला तर चालेल ना? (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर: नाही बाई, तेवढे मात्र करू नका. हिरवा-तांबडा झेंडा पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजेशाही उलथली आणि पुढच्या वर्षी तो झेंडा अधिकृत झाला. साडेचारशे वर्षांतली शेवटची पन्नास वर्षेच तो गोव्यावर होता. तरीही १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कच्या हाती तोच झेंडा दिलेली चित्रे सर्रास छापली जातात, आणि मुले ती खरी धरून चालतात.

मुलांना निदान तीन चित्रे काढू द्या. १५१० साली पोर्तुगालच्या गादीवर राजा मानुएल होता. त्याच्या गलबतांच्या शिडांवर ‘ख्रिस्ताचा संघ’ या पोर्तुगीज धर्मयोद्ध्यांच्या संघाचा तांबडा क्रूस असे; राजाचा झेंडा पांढरा, मध्ये राजचिन्हाची ढाल आणि वर मुकुट. ढालीत पाच लहान निळ्या ढाली, भोवतीच्या तांबड्या पट्टीवर सोनेरी किल्ले. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालवर स्पेनचे राजे होते, पण पोर्तुगालचे राजचिन्ह कायम राहिले. त्यामुळे त्या साठ वर्षांसाठी स्पेनचा झेंडा रंगवायची गरज नाही.

दुसरे चित्र निळ्या-पांढऱ्या झेंड्याचे. तो उदारमतवादी पक्षाने १८३० साली ठरवला आणि १८३४ मध्ये तिथली यादवी त्यांनी जिंकल्यावर पोर्तुगालच्या साऱ्या मुलखाचा झाला. काठीकडची बाजू निळी, पलीकडची पांढरी, मधोमध मुकुटासह ढाल. तिसरे चित्र १९११ चे: काठीकडे दोन भाग हिरवा, पलीकडे तीन भाग तांबडा. मुकुट गेला आणि ढालीमागे सोनेरी कड्यांचा गोल आला. आकाशातल्या ग्रहताऱ्यांची स्थिती दाखवणारे हे जुने उपकरण म्हणजे मानुएलचेच खूणचिन्ह. तिन्ही चित्रे शेजारी लावली, की पाच निळ्या ढाली तिन्हींत तशाच राहिल्याचे मुलांना आपोआप दिसेल.

प्रश्न: आमच्या फोंड्यावर पोर्तुगीज झेंडा नक्की किती वर्षे होता? सगळीकडे ४५१ वर्षे असे वाचतो. (फोंडा)

उत्तर: हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला. ४५१ हा आकडा तिसवाडीचा, म्हणजे पणजी-जुने गोवे या भागाचा. बार्देश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे कायमचे आले १५४३ मध्ये. या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी; त्या अठराव्या शतकात गेल्या. फोंडा १७६३ च्या सुमारास सोंद्याच्या राजाकडून, पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून. म्हणजे फोंड्याचा हिशेब दोनशे वर्षांच्या आतबाहेरचा.

याआधी फोंड्याच्या कोटावर आदिलशाही निशाण होते. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी कोट घेतला आणि तिथे भगवा चढला. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोटाला वेढा घातला, तेव्हा संभाजी महाराज स्वतः धावून आले आणि पोर्तुगीजांना मागे रेटत त्यांच्या हद्दीत शिरले.

या हद्दीचे मोल ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. साष्टीतली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा लोकांनी जुवारी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या मुलखात, आणली. कारण एवढेच, की नदीपलीकडे पोर्तुगीज झेंडा नव्हता. म्हणून तुमच्या प्रदर्शनात कालपट्टीसोबत एक नकाशाही हवा. एकाच साली नदीच्या दोन काठांवर दोन झेंडे होते, हे नकाशाशिवाय कळणार नाही.

प्रश्न: कदंबांचा झेंडा कसा होता? (मडगाव)

उत्तर: कदंब हे पोर्तुगीजांच्या आधीचे राजघराणे. शिलालेखांत त्यांना ‘वानरध्वज’ म्हटले आहे, आणि सिंह हे त्यांचे लांछन, म्हणजे मुद्रेवरचे चिन्ह. गोव्याच्या कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर हा सिंह स्पष्ट दिसतो. झेंड्यावर मारुती, मुद्रेवर सिंह असा फरक ठेवा. दोन्ही एकाच कापडावर रंगवू नका.

प्रश्न: ‘पोर्तुगीज इंडियाचा झेंडा’ म्हणून हिरव्या-तांबड्या झेंड्याच्या कोपऱ्यात वेगळी ढाल असलेले चित्र इंटरनेटवर सापडते. ते खरे का? (डोंबिवली)

उत्तर: गोव्यावर तो कधीच फडकला नाही. वसाहतींना वेगवेगळे झेंडे द्यावेत असा एक प्रस्ताव पोर्तुगालमध्ये १९६० च्या दशकात पुढे आला, तोही गोवा मुक्त झाल्यावर, आणि तो मंजूर झाला नाही. वेगळे होते ते राज्यचिन्ह, झेंडा नव्हे. त्या चिन्हातले चाक संत कातारिनाचे. आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी तिच्या सणाच्या दिवशी गोवा शहर जिंकले होते.

प्रश्न: इंग्रजांचे सैन्य गोव्यात होते म्हणतात. मग युनियन जॅक? (पुणे)

उत्तर: सैन्य होते, १७९९ ते १८१३, फ्रेंचांच्या भीतीने. दोना पावलाचे इंग्रजी कबरस्तान त्याचीच खूण. राज्य मात्र पोर्तुगीजांचेच राहिले. यादीत इंग्रज नकोत.

प्रश्न: तेरेखोलवर १९६१ च्या आधीच तिरंगा लागला होता, असे आजोबा सांगायचे. (वेंगुर्ले)

उत्तर: आजोबांचे म्हणणे खरे आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा लावला. दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली होती. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडकेही होते.

१८ डिसेंबर १९६१ ला अंजदीव बेटावर पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले आणि किनाऱ्यावर उतरलेल्या भारतीय नौसैनिकांवर गोळ्या झाडल्या. सात जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, पणजीच्या सचिवालयावर तिरंगा चढला. ही इमारत मुळात आदिलशहाचा वाडा, पुढे व्हाइसरॉयचे निवासस्थान. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.