ब्रिटिश स्पीडवेमधले नावडते आणि दुर्लक्षित राहिलेले रायडर कोणते? तुम्हाला कोण आठवतात?

तुम्ही विचारलंय की ब्रिटिश स्पीडवेमध्ये (मातीच्या ट्रॅकवरची बाईकची शर्यत) लोकांना न आवडलेले किंवा कुणी फारशी दखल न घेतलेले रायडर कोणते आठवतात. हा प्रश्न मराठीत कुणी विचारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. 2004 ला नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला आलो आणि ऑफिसातल्या एका मित्रानं एका शुक्रवारी ब्रँडन स्टेडियमला नेलं, कॉव्हेंट्री बीज या टीमची मॅच बघायला. पार्किंगमध्ये उतरलो तर पहिला वास आला तो एरंडेलाचा. चेष्टा नाही. या बाईक मिथेनॉलवर चालतात आणि इंजिनात जे कॅस्ट्रॉल आर टाकतात ते मुळात एरंडाचं तेल. लहानपणी आजी नाक दाबून पाजायची तेच एरंडेल इथं जळत होतं आणि लोक लांब श्वास घेऊन "आहाहा" करत होते. मी तिथंच हसायला लागलो, मित्राला काही कळेना.

ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लंबगोल ट्रॅक, आमचा ब्रँडनचा 300 मीटरच्या आसपास होता, वर बारीक खडीसारखी शेल पसरलेली. चार रायडर, चार लॅप, मिनिटभरात खेळ खल्लास. 500 सीसीची बाईक, एकच गिअर, ब्रेक नाहीत (हो, नाहीतच), वळायचं फक्त डावीकडे आणि तेही मागचं चाक घसरवत, डाव्या बुटाला लोखंडी तळ बांधून तो पाय जमिनीवर टेकवत. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला भोपळा. सात-सात जणांच्या टीम, एका मॅचला पंधरा हीट, म्हणजे पंधरा रेस. बास.

आता मुद्द्यावर येतो. नावडता आणि दुर्लक्षित ह्या दोन एकदम वेगळ्या जाती आहेत. ज्याला लोक बू करतात त्याच्याकडं दुर्लक्ष कधीच होत नाही, आणि ज्याच्याकडं दुर्लक्ष होतं त्याला बू करायचे कष्टसुद्धा कुणी घेत नाही.

बू खाणाऱ्यांत मी स्वतः बघितलेला सगळ्यात मोठा म्हणजे निकी पेडरसन, डेन्मार्कचा. 2003, 2007, 2008 असा तीनदा वर्ल्ड चॅम्पियन. ईस्टबॉर्नकडून तो आमच्याकडं यायचा तेव्हा नाव पुकारलं की अख्खा स्टँड उठायचा, आज्या-बिज्या सुद्धा, हातात चहाचा कप आणि तोंडातून "बूऽऽऽ". पहिल्या बेंडला (वळणाला) तो दुसऱ्याला जागाच ठेवायचा नाही, कुंपणाकडं रेटत न्यायचा, आणि समोरचा पडला तर याच्या चेहऱ्यावर रेष हलायची नाही. कार्डिफच्या ग्रां प्रीला (वर्ल्ड चॅम्पियनशिपची एक फेरी) तर हजारो लोकांनी एकदम बू केलेलं ऐकलंय, छताखाली तो आवाज असा घुमतो की छातीत बसतो. पण खरं सांगू का, तो नसला की मॅच अळणी वाटायची. सिनेमात व्हिलन लागतोच की.

माझ्या शेजारी कायम एक म्हातारबाबा उभे असायचे, सत्तरीच्या पुढचे, आम्हा दोघांची जागा ठरलेली, तिसऱ्या बेंडच्या वर. स्पीडवेचा माझा सगळा जुना अभ्यास म्हणजे ते. त्यांचं म्हणणं, आयव्हन मॉजरला लोकांनी कधी जीव लावलाच नाही. न्यूझीलंडचा, सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन, तरी दुसऱ्यांच्या ट्रॅकवर बू ठरलेली. का, तर स्टार्टची टेप वर गेली की हा पुढं, आणि मग चार लॅप पुढंच, बघायला काही उरायचंच नाही. पण हाच मॉजर 1957 ला सतरा-अठराचं पोरगं असताना विम्बल्डनला आला होता, नवीन लग्न झालेलं, आणि त्याला मिळायच्या त्या मेन मॅच संपल्यावरच्या सेकंड हाफच्या रेस, लोक कोट घालून बसकडं निघालेले असतात त्या वेळच्या. पोटासाठी स्टेडियमवरच पडेल ते काम केलं, जमलं नाही, घरी परत गेला, आणि 1963 ला न्यूकॅसलकडून पुन्हा आला. म्हणजे एकाच माणसानं दोन्ही चवी घेतल्या. बाबा म्हणायचे की त्या सेकंड हाफमध्ये त्याला बघितलेले लोक नंतर शेकड्यानं भेटले, तेव्हा तिथं थांबलेलं मात्र कुणी नव्हतं.

ब्रूस पेनहॉलची गंमत अजून वेगळी. अमेरिकन, देखणा, क्रॅडली हीथ टीमचा लाडका, 1981 ला वेम्बलीत वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलेलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या व्हाइट सिटीत ओव्हरसीज फायनल, म्हणजे वर्ल्ड फायनलच्या आधीची पात्रता फेरी, होती, याचं पुढं जाणं पक्कं झालं होतं, तर यानं एका हीटमध्ये आपल्या अमेरिकन दोस्तांना पुढं जाऊ दिलं म्हणजे तेही पात्र होतील. लपवायचा प्रयत्न पण नाही. पब्लिक असलं भडकलं की विचारू नका. आपल्याकडं नुरा कुस्ती लागली की मैदानात जे होतं तेच. त्या वर्षी तो पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि लगेच खेळ सोडून 'चिप्स' नावाच्या टीव्ही मालिकेत कामाला गेला.

नावडत्यांच्या यादीत लोक केनी कार्टरचं नाव पण घेतात, हॅलिफॅक्सचा, 1984 ला मोडक्या पायानं ब्रिटिश फायनल जिंकलेला. 1982 च्या लॉस एंजेलिसच्या वर्ल्ड फायनलला पेनहॉलबरोबर झालेली त्याची झटापट अजून चघळली जाते. पण 1986 ला त्यानं बायकोचा खून करून स्वतःला संपवलं, आणि त्यानंतर "लोकांनी त्याला समजून घेतलं नाही" वगैरे कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. त्याला मी या गप्पांत धरत नाही.

आता दुर्लक्षित. सगळ्यात अन्याय कुणावर झाला म्हणाल तर ब्लूई विल्किन्सन. ऑस्ट्रेलियन, वेस्ट हॅमचा. 1936 ला वेम्बलीत पहिलीच वर्ल्ड फायनल, पठ्ठ्यानं पाचच्या पाच रेस जिंकल्या, 15 पैकी 15, आणि तरी चॅम्पियन झाला नाही! कारण आधीच्या राउंडमधले बोनस पॉइंट त्यात मिळवायचे होते. त्याचे 10, म्हणजे एकूण 25. लायनल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन दोघांचे 26-26. त्या दोघांत रनऑफ, म्हणजे निकालासाठी जादा रेस, झाली, व्हॅन प्राग जिंकला, आणि त्या रात्री एकदाही न हरलेला माणूस बघत उभा. 1938 ला त्यानं चॅम्पियनशिप घेतली म्हणा, पण 1940 ला सिडनीत रस्त्यावरच्या अपघातात गेला. ट्रॅकवर नाही, साध्या रस्त्यावर.

फे टेलर, आयर्लंडची. 1928 ला इंग्लंडमध्ये हा खेळ सुरू झाला त्याच वर्षी ती पुरुषांबरोबर उतरली आणि भल्याभल्यांना हरवलं. 1930 ला बायकांना बंदीच घातली, विषय संपला. पुढं ती मोटारींच्या रेसकडं वळली, आणि महायुद्धात फॅसिस्टांची समर्थक म्हणून सरकारनं तिला स्थानबद्ध केलं. त्यामुळे तिची बाजू घ्यायची म्हटलं तरी माणूस अडखळतो. पण बंदीचं कारण ते नव्हतं, बंदी दहा वर्षं आधीची.

मार्क लोरॅम तर वर्ल्ड चॅम्पियन होऊन सुद्धा निम्म्या लोकांना आठवत नाही. 2000 साली सहा ग्रां प्री झाल्या, त्यातली एकही त्यानं जिंकली नाही आणि तरी वर्षाचा चॅम्पियन तोच. दर वेळी मागून एकेकाला गाठत पॉइंट गोळा केले. आणि त्याच वर्षी ब्रिटिश ग्रां प्री आमच्या ब्रँडनला होती, ती कुणी जिंकली? मार्टिन डुगार्डनं. त्या एका रात्रीसाठी वाइल्ड कार्डवर घेतलेला ईस्टबॉर्नचा माणूस, जगातल्या सगळ्या बड्यांना धुऊन घरी गेला. बाबा हे सांगताना दर वेळी ट्रॅकवरची ती जागा बोटानं दाखवायचे.

पण तरी ही सगळी नावं कुठंतरी छापलेली आहेत. मला खरे दुर्लक्षित वाटतात ते सहा आणि सात नंबरचे रिझर्व्ह. हीट दोन त्यांची असते. खासबागेत कसं, एक नंबरची कुस्ती लागेपर्यंत पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या चालू असतात आणि लोक अजून जागा शोधत, शेंगा घेत असतात, तस्सं. हीट दोनला निम्मा स्टँड बर्गरच्या रांगेत. ही पोरं दिवसा कुठंतरी प्लंबिंग नाहीतर गवंडीकाम करणार, दुपारी बाईक ट्रान्झिट व्हॅनमध्ये टाकणार, दोन-तीनशे मैल हाकणार, आणि पैसे मिळणार ते किती रेस पळालात आणि किती पॉइंट केलेत त्यावर. पडलात तर पॉइंट नाही, वर वाकलेलं हँडल आणि इंजिनाचा खर्च तुमचाच.

आणि वरून ते अॅव्हरेज! हे बाहेरच्याला सांगितलं तर खोटं वाटतं. प्रत्येक रायडरचं अॅव्हरेज काढतात, म्हणजे पॉइंट आणि बोनस (आपल्याच टीममेटच्या मागोमाग आलात की मिळणारा) मिळवून भागिले रेस गुणिले चार, आणि सीझनच्या सुरुवातीला टीम बांधताना सगळ्यांच्या अॅव्हरेजची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत बसवावी लागते. हेतू चांगला, एकाच टीमनं सगळे वाघ गोळा करू नयेत. पण होतं काय, तळाच्या पोरानं वर्षभर मरमर करून अॅव्हरेज चारवरून साडेपाचवर नेलं की हिवाळ्यात त्यालाच नारळ, कारण आता तो बेरजेत बसत नाही. प्रमोटरला, म्हणजे टीम चालवणाऱ्याला, हवा असतो तो आकडा कमी पण पुढं वाढेल असा. जो साडेपाचचा आहे आणि साडेपाचचाच राहणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला कोण विचारतो? इमानदारीत काम वाढवलं म्हणून नोकरी जाणारा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

असा एक आमच्याकडं होता, सात नंबर. नाव लिहीत नाही, आता कुठंतरी आपला संसार करत असेल बिचारा. माझं पोरगं तेव्हा सात वर्षांचं, आणि तेवढ्याच कारणानं त्यानं याला आपला हिरो ठरवलेला, माझा नंबर सात, त्याचा नंबर सात. माझ्याकडं त्या वर्षीचे प्रोग्रॅम अजून आहेत, पेननं स्कोअर भरलेले, त्याच्या ओळीत 1, 0, 1, 2, मग पडला म्हणून एफ, मग परत 1. ट्रॅकवर जायच्या आधी तो एका गुडघ्यावर बसून डाव्या बुटाला लोखंडी तळ अडकवायचा, पट्टा दोनदा ओढून बघायचा, उठून टाच आपटायची, मग परत बसून तिसऱ्यांदा ओढायचा. दर वेळी. मॅच संपल्यावर पिट्समध्ये सोडायचे तेव्हा एक नंबरच्या व्हॅनपुढं ही झुंबड, आणि हा एकटाच बादलीत फडका पिळत बाईकवरची शेल पुसत बसलेला. पोरानं प्रोग्रॅम पुढं केला तर त्यानं आधी हात पँटला पुसले, पेन शोधलं, नाव विचारलं. "ओंकार" म्हटल्यावर स्पेलिंग तीनदा विचारून घेतलं आणि नीट लिहिलं. माझ्या ऑफिसातल्यांना ते वर्षभरात जमलं नव्हतं.

हिवाळ्यात त्याला काढला. अॅव्हरेज वाढलं होतं ना.

पुढच्या सीझनला तो दुसऱ्या टीमकडून आला. हीट चारला पुकारा झाला, निवेदकानं त्याचं आडनाव चुकीचं घेतलं, आणि स्टँडमध्ये शांतता. टाळी नाही, बू नाही, काहीच नाही, लोक आपले चिप्स खातायत. मी टाळी वाजवावी का नाही या विचारात, बाबा पेनाचं टोपण शोधतायत, तेवढ्यात आमचं पोरगं रेलिंगवर चढलं आणि पाहुण्या टीमला काय करायचं असतं हे त्याला आता चांगलं कळत होतं, त्यामुळे एकट्यानं, बारक्या आवाजात, फुल जोर लावून "बूऽऽऽ". सगळे वळून बघायला लागले. खाली तो टेपकडं निघाला होता, थांबला, वर बघितलं, कोण ते सापडायला त्याला दोन सेकंद लागले, आणि मग हेल्मेटच्या आत हसला असणार, कारण खांदे हलले. हात वर करून पोराला एक झकास सलाम ठोकला आणि टेपला जाऊन उभा राहिला.

शेवटचा आला त्या रेसमध्ये. ओंकारनं प्रोग्रॅममध्ये त्याच्यापुढं 3 लिहिले, मी काही खोडले नाहीत.